संडासाच्या भांड्यावर भडकलेल्यांनो, जरा थांबा

परवा आपल्या तालुक्यातल्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. कुणाचा तरी भाचा अमेरिकेत असतो, त्याने पाठवलेला. पिनबॉलचं मशीन. त्यावर 'साऊथ पार्क' या कार्टून मालिकेतली गोलमटोल डोक्याची पोरं, आणि काचेखाली, जिथे गोळी फिरते तिथे, चक्क संडासाचं भांडं. त्या भांड्यातून टोपी घातलेली, डोळे असलेली शी डोकं वर काढते. हो, शीच. सभ्य शब्द शोधून उपयोग नाही. त्या पात्राचं नावच मिस्टर हँकी, आणि ते नाताळात मुलांना भेटायला येतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. 'पाश्चात्त्य विकृती.' 'पोरांवर काय संस्कार होणार.' 'आपल्याकडे यायच्या आधीच बंदी घाला.' सत्तर-ऐंशी मेसेज पडले. शेवटी एका निवृत्त गुरुजींनी माझं नाव घेऊन लिहिलं, की पत्रकारांनी याविरुद्ध आवाज उठवला पाहिजे.

गुरुजी, तुमचा मान राखून आवाज उठवतो. पण तुम्हाला हवा आहे त्या बाजूने नाही.

आधी हे मशीन म्हणजे काय ते सांगतो, कारण ग्रुपवर निम्म्या लोकांना तो जुगाराचा अड्डा वाटला आणि उरलेल्यांना मोबाईल गेम. माझ्या वयाच्या लोकांना लाकडाचा बगाटेल आठवत असेल. मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरून खाली काढायचा. उतरती फळी, त्यावर खिळे, उजवीकडे स्प्रिंगचा दांडा, आणि स्टीलच्या गोळ्या. पिनबॉल हे त्या बगाटेलचंच वंशज. १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह या माणसाने अमेरिकेत स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट घेतलं, तिथून ही वंशावळ धरतात. आणि ज्यांनी २००० नंतर एमएस-सीआयटीचे क्लास केले, त्यांनी विंडोज एक्सपीवर 'स्पेस कॅडेट' नावाचा पिनबॉल खेळलेलाच आहे. सर बाहेर गेले की एक्सेल खाली आणि पिनबॉल वर. कित्येक सरकारी कार्यालयांतही तो चालायचा, नावं विचारू नका.

तर 'साऊथ पार्क' ही मालिका १३ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेत सुरू झाली. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे तिचे कर्ते. मालिका मोठ्यांसाठी, तसा शिक्का तिच्यावर पहिल्यापासून आहे. पात्रं मात्र प्राथमिक शाळेतली पोरं, आणि तोंडात अशी भाषा की आपल्या एसटी स्टँडवरचे लोकही मागे वळून बघतील. त्यात केनी नावाचा पोरगा सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ प्रत्येक भागात मरायचा आणि पुढच्या भागात परत हजर. धर्म, पक्ष, नटनट्या, कुणालाच सोडलेलं नाही. मालिका दीड वर्षाची होते न होते तोच, १९९९ साली, सेगा पिनबॉल या कंपनीने तिचं मशीन बाजारात आणलं. तुम्ही पाहिलेला फोटो त्याचा.

घाणेरडं आहे? आहे. माझ्या घरात नको, हेही खरं. पण 'आपल्या संस्कृतीत असलं नव्हतं' हे वाक्य ज्यांनी लिहिलं, त्यांनी शिमग्याला गावात थांबून दाखवावं. होळीच्या रात्री तोंडावर हात मारून आपण जे ओरडतो ते इथे छापता येणार नाही, आणि ते ओरडायला गावचे मानकरी पुढे असतात. दशावतारात आख्यान सुरू व्हायच्या आधी शंकासूर येतो. वेद पळवणारा राक्षस तो, पण मालवणीत देवाब्राह्मणांची, गावच्या पुढाऱ्यांची आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांची अशी काही सालटी काढतो की पोरंबाळं, म्हाताऱ्या सगळे पोट धरून हसतात. तेही देवळाच्या आवारात! गणगौळणीतली मावशी साक्षात श्रीकृष्णाशी काय बोलते ते तमाशा पाहिलेल्यांना सांगायला नको. वात्रटपणा आयात करायची आपल्याला गरज कधीच पडली नव्हती. हा मुद्दा इथेच सोडतो. मला बोलायचंय ते वेगळं.

मला बोलायचंय ते बंदीबद्दल. कारण पिनबॉलवर बंदी घालून झालेली आहे. आपल्याकडे नव्हे, खुद्द न्यूयॉर्कमध्ये. तीही संडासाचं भांडं नसताना, मशीनवर बायाबापड्यांची साधी चित्रं असताना.

जानेवारी १९४२. महापौर फिओरेलो ला गार्डिया. आज त्यांच्या नावाचा विमानतळ आहे. माणूस प्रामाणिक, भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारा, यात शंका नाही. त्यांचं म्हणणं असं, की पिनबॉल हा जुगार आहे, त्याच्या मागे गुंड टोळ्या आहेत, आणि शाळकरी पोरांचे खाऊचे पैसे त्यात जातात. पोलिसांनी दुकानादुकानांतून हजारो मशीन उचलली. महापौर स्वतः हातात घण घेऊन मशीन फोडताना फोटोग्राफरांसमोर उभे राहिले. ते फोटो आजही बघायला मिळतात. युद्धाचे दिवस होते, मोडलेल्या मशीनचं लोखंड युद्धसामग्रीला देण्यात आलं. सगळं एकदम झकास. सकाळी छापा, संध्याकाळी फोटो.

त्यांच्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगितलं पाहिजे. १९३० च्या दशकातल्या कित्येक मशीनमधून खरोखर पैसे निघायचे, किंवा फुकट मिळालेल्या डावाचे पैसे दुकानदार गल्ल्यातून द्यायचा. आणि तेव्हा फ्लिपर नव्हते. फ्लिपर म्हणजे खालच्या बाजूचे ते दोन फटके, ज्यांनी पडणारी गोळी परत वर मारता येते. ते आले १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनमध्ये. त्याआधी गोळी सोडली की बघत बसायचं, फार तर मशीनला धक्का द्यायचा. त्यामुळे १९४२ मध्ये 'हा नशिबाचा खेळ' असं कुणी म्हटलं तर ते अगदीच खोटं नव्हतं.

पण फ्लिपर आल्यावर काय झालं? खेळ मुळापासून बदलला. आता हातात कसब लागायला लागलं. कायदा मात्र होता तिथेच. पाच वर्षं, दहा वर्षं, वीस वर्षं. ज्या कारणासाठी बंदी घातली ते कारण केव्हाच गेलं आणि बंदी राहिली. न्यूयॉर्कमध्ये एकूण चौतीस वर्षं. मशीन कुठे गेली नाहीत, मागच्या खोल्यांत गेली. म्हणजे पोरं ज्या लोकांच्या संगतीपासून वाचवायची होती, त्यांच्याच दारात जाऊन उभी राहिली. लॉस एंजेलिसमध्येही बंदी होती. शिकागोची गंमत तर विचारूच नका. जगातली बहुतेक पिनबॉल मशीन त्या शहरात आणि आसपास बनायची, आणि शहरात ती खेळायला मनाई!

१९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसची बंदी उठवली, हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं सांगून. न्यूयॉर्कचा किस्सा त्याहून भारी, आणि त्यातला नायक आमच्या जमातीतला असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

१९७६ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीपुढे सुनावणी होती. रॉजर शार्प नावाचा विशीतला तरुण, मासिकात काम करणारा पत्रकार, पिनबॉलवर पुस्तक लिहीत होता. उद्योगवाल्यांनी त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. सभागृहात दोन मशीन आणून ठेवली होती, एक खेळायला आणि एक राखीव. एका सदस्याला संशय आला की पहिल्या मशीनमध्ये काहीतरी गडबड करून ठेवली असेल. तो म्हणाला, राखीव मशीनवर खेळून दाखव. शार्प खेळला. लोक बघत होते, पण मतं हलेनात. मग त्याने एक धाडस केलं. स्प्रिंगचा दांडा ओढण्याआधी बोट दाखवून सांगितलं, की ही गोळी आता वरच्या मधल्या वाटेने खाली येईल. दांडा ओढला, सोडला. गोळी मधल्या वाटेने खाली आली. बंदी उठली.

शार्पने पुढे स्वतः कबूल केलं, की त्या फटक्यात नशिबाचाही वाटा होता. म्हणजे कौशल्य सिद्ध करणारा फटका थोडा नशिबाचा! पण आधीच्या खेळात त्याने जे करून दाखवलं ते नशीब नव्हतं, आणि समितीला तेवढं पुरलं. मला या प्रसंगात आवडतं ते वेगळंच. चौतीस वर्षांत कुणी तरी पहिल्यांदा कायदा करणाऱ्यांना म्हणालं, की मशीन समोर ठेवा आणि ते काय करतं ते बघा.

आता १९९९ वर येतो, आणि इथे सगळ्यांनी जरा लक्ष द्या.

ज्या वर्षी हे 'साऊथ पार्क'चं मशीन आलं, त्याच वर्षी पिनबॉलचा धंदा जवळजवळ मेला. बंदी नव्हती. संस्कृतिरक्षक मोर्चे घेऊन आले नव्हते. सेगाने आपला पिनबॉलचा धंदा विकला, तो गॅरी स्टर्न याने घेतला, आणि 'स्टर्न पिनबॉल' नावाने चालवला. त्यानंतर काही वर्षं मोठ्या प्रमाणावर पिनबॉल बनवणारा जगात तो एकटाच उरला. का उरला? कारण त्यांच्याहून मोठी जी कंपनी होती, विल्यम्स, जिच्या कारखान्यातून १९९२ चं 'अ‍ॅडम्स फॅमिली' निघालं आणि वीस हजारांवर विकलं गेलं, तिने ऑक्टोबर १९९९ मध्ये पिनबॉलचा विभाग बंद केला. तोटा होत होता. आणि त्यांच्याकडे दुसरं एक उत्पादन होतं, त्यात भरपूर नफा होता.

ते उत्पादन म्हणजे कसिनोतली स्लॉट मशीन.

परत एकदा सांगतो. पिनबॉल जुगार आहे म्हणून तो चौतीस वर्षं बंद ठेवला. मग अमेरिकेत एकामागून एका राज्याने खरा जुगार कायदेशीर केला, परवाने दिले, कर घेतला. आणि त्या कायदेशीर जुगारात इतका पैसा होता, की पिनबॉलच्या सर्वात मोठ्या कारखान्याने पिनबॉल फेकून दिला.

आणि या स्लॉट मशीनचा चेहरा कसा होता माहिती आहे? विल्यम्सच्या जुगार शाखेचं एक गाजलेलं मशीन १९९८ मध्ये आलं. 'मोनोपॉली'. आपल्याकडे 'व्यापार' म्हणून जो खेळ पोरं सुट्टीत खेळतात, त्याचा मूळपुरुष. उंच टोपी घातलेले मिशीवाले आजोबा, छोटी हिरवी घरं, लाल हॉटेलं. एकही शिवी नाही, संडास नाही, कुणी मरत नाही. ग्रुपवर हा फोटो आला असता तर गुरुजी, तुम्हीच 'वा, लहानपण आठवलं' असं लिहिलं असतंत.

आता दोघांच्या पोटात काय आहे ते बघू.

पिनबॉलची फळी साधारण साडेसहा अंश उतरती असते. गोळी ८० ग्रॅमची, स्टीलची. ती खाली येते पृथ्वी ओढते म्हणून, कुणी ठरवलं म्हणून नव्हे. मशीनला धक्का देऊन गोळीची दिशा थोडी बदलता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. आत एक लोलक टांगलेला असतो, त्याच्याभोवती धातूचं कडं. फार जोरात हलवलं की लोलक कड्याला टेकतो, मशीन 'टिल्ट' होतं, फ्लिपर मरतात आणि तुमच्या डोळ्यांसमोर गोळी गटारात जाते. मालकाच्या हातात काही गोष्टी असतात. फुकट डाव किती गुणांना द्यायचा, लोलक किती नाजूक ठेवायचा, फळी किती उतरती ठेवायची. तो काही साधुसंत नसतो. पण गोळी फ्लिपरवर आली की पुढचं तुमच्या बोटांवर आहे. आज वाईट खेळलात तर उद्या बरं खेळाल. जास्तीत जास्त काय जिंकाल? आणखी एक डाव. काय हराल? तासभर खेळून चहा-वड्याचे पैसे. 'साऊथ पार्क'च्या मशीनमध्येही हेच. भांड्याकडे गोळी मारायची ती नेम धरूनच मारावी लागते.

स्लॉट मशीनमध्ये तुम्ही बटण दाबता त्या क्षणी आतला संगणक एक आकडा उचलतो आणि निकाल ठरतो. नंतर जी चित्रं गरागरा फिरतात तो नुसता देखावा. निकाल लागून गेलेला असतो, तुम्हाला कळायचा बाकी असतो. दहा वर्षं रोज खेळलात तरी तुम्ही तसूभर सुधारत नाही, कारण सुधारायला तिथे काही नाहीच. एकूण जमा झालेल्या पैशांतले किती परत जाणार हे आधीच बसवलेलं असतं. नताशा डाऊ शुल नावाच्या अभ्यासक बाईंनी लास वेगासमध्ये अशा खेळाडूंबरोबर वर्षानुवर्षं घालवून २०१२ साली पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेल्या माणसांपैकी अनेकजण जिंकायला बसतच नव्हती. त्यांना फक्त उठायचं नव्हतं.

चेहरा आणि पोट यांचा काही संबंध नसतो, याचा आणखी सोपा पुरावा देतो. स्टर्नने २००७ मध्ये 'फॅमिली गाय' या अशाच वाह्यात कार्टून मालिकेचं मशीन काढलं. दारू, अश्लील विनोद, सगळं. पुढच्या वर्षी त्यांनी 'श्रेक'चं मशीन काढलं. श्रेक म्हणजे तो हिरवा राक्षस, पोरांचा लाडका. दोन्ही मशीन शेजारी ठेवून बघा. फळी तीच, वाटा त्याच, फ्लिपर तिथेच. चित्रं बदलली, आवाज बदलले, एवढंच. आपल्या ग्रुपने पहिल्यावर बंदी मागितली असती आणि दुसरं मुलांच्या वाढदिवसाला भाड्याने आणलं असतं.

आता घरी येऊ. तुम्ही म्हणाल, इतकं अमेरिकापुराण कशाला? कारण 'कौशल्य की नशीब' हा प्रश्न आपल्याकडेही सत्तरएक वर्षं कोर्टात फिरतोय, आणि आपणही प्रत्येक वेळी चेहराच बघितलाय.

आपला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या मुंबई इलाख्याचा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबई राज्याचा खटला गेला, तोही बक्षिसाच्या शब्दकोड्यांवरून. कोर्टाने रेघ ओढली. कौशल्याचं असेल तो धंदा, नशिबाचं असेल तो जुगार. १९६८ मध्ये रमीबद्दल कोर्ट म्हणालं, की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी हे अर्धं वाक्य अक्षरशः छातीवर लावून मिरवलं. त्याच निकालात पुढे असंही होतं, की जागेचा मालक त्या खेळातून नफा कमावत असेल तर गोष्ट वेगळी. ते अर्धं कुठल्याच जाहिरातीत आलं नाही.

आणि जाहिराती कुणी केल्या? मोठमोठ्या नटांनी, क्रिकेटपटूंनी. स्वच्छ कपडे, हसरा चेहरा, शेवटी घाईघाईत पुटपुटलेली 'सवय लागू शकते' ही सूचना. २०२३ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर पैसे लावायच्या अ‍ॅपचं नाव होतं. आपल्या शाळांच्या मैदानावर पोरं तीच जर्सी घालून खेळली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सरकारने लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घ्यायला सुरुवात केली. सरकारला मिळकत, खेळाडूंना मानधन, वर्तमानपत्रांना पहिल्या पानाची जाहिरात. ग्रुपवर तेव्हा किती मेसेज पडले होते? मी परवा मागे जाऊन शोधले. एक सापडला, त्यात कुणीतरी बोनससाठी आपला कोड पाठवला होता.

मग जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ आला. मंत्री म्हणाले, मी खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो. असेलही. महिनाअखेर त्यांच्याकडून कृषी खातं काढलं आणि त्यांना क्रीडा खातं दिलं. 'साऊथ पार्क'वाल्यांना हे सुचलं नसतं.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जर्सीवरचं नाव गेलं. मी या कायद्याच्या विरोधात नाही. उलट उशीर झाला असं म्हणेन. पण त्यातही ला गार्डियांचा घण ऐकू येतो मला. काल कर घेत होतो, आज फोडतो, फोटो काढा. मधल्या वर्षांत ज्यांचे पगार, पीककर्ज, बायकोचे दागिने गेले त्यांचं काय, यावर कायद्यात अवाक्षर नाही. आणि परदेशातून चालणाऱ्या अ‍ॅपच्या लिंक टेलिग्रामवर फिरतातच. मागच्या खोल्या, आणखी काय.

आणि इथून दीड-दोन तासांवर मांडवीत जहाजं उभी आहेत. गोव्याने १९९२ साली कायद्यात बदल करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी दिली, नंतर जहाजांवरच्या कसिनोंना. आपल्या भागातली किती पोरं शनिवारी रात्री तिकडे जातात हे मोटारसायकलवाल्यांना विचारा. तिथे सगळं सभ्य आहे. गालिचे आहेत, थंडगार एसी आहे, मुलीं-मुलांना नमस्कार करून आत घेतात. संडासाचं भांडं फक्त संडासात.

एक आक्षेप येणार, तो मी आधीच घेतो. 'म्हणजे पोरांना असली घाण दाखवायची का?' नाही दाखवायची. ती मालिका मोठ्यांची आहे, मशीन मोठ्यांच्या जागेत असावं, आणि कार्टून दिसलं म्हणून ते पोरांचं असं समजणाऱ्या दुकानदाराला दोन शब्द सुनवावेत. आईबाप म्हणून माझंही तेच मत आहे. पण शिवी ऐकलेलं पोर तुम्ही घरी समजावू शकता. अठरा वर्षांच्या पोराने आजीच्या खात्यातले पैसे अ‍ॅपमध्ये घातले, की समजावायला वेळ उरत नाही. अशा दोन घरांत मी गेल्या वर्षभरात बसून आलोय. दोन्ही घरं निर्व्यसनी. पोरगं शिव्या देत नाही, याचं दोन्हीकडे कौतुक होतं.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल, कारण दोष काही फक्त ग्रुपवाल्यांचा नाही. 'व्हिडिओ गेम पार्लरवर छापा, अमुक हजारांचा मुद्देमाल जप्त, इतक्या जणांवर गुन्हा.' ही बातमी आपल्या जिल्ह्याच्या आवृत्त्यांत वर्षातून कितीदा येते बघा. पोलिसांनी दिलेला मजकूर, त्यावर आमचं नाव. ते मशीन नेमकं काय होतं? बटण दाबल्यावर काय व्हायचं? खेळणाऱ्याच्या हातात काही होतं का? पैसे परत कसे मिळायचे? परवाना कशाचा होता आणि चालत काय होतं? एकाही बातमीत हे नसतं. फोटोत टेबलावर मांडलेल्या नोटा, मागे रांगेत उभे पोलीस. मशीनचं तोंड भिंतीकडे.

म्हणून मी या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देतोय. गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यात व्हिडिओ गेम पार्लरचे किती परवाने दिले, कोणत्या तालुक्यात. परवाना देताना मशीन चालवून कुणी तपासलं का, आणि तपासलं असेल तर त्याचा अहवाल. छाप्यांत जप्त केलेली मशीन पुढे कुठे गेली. उत्तराला कायद्याने तीस दिवस आहेत. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तुमच्या गावात असं पार्लर असेल तर आत काय आहे ते मला इनबॉक्समध्ये कळवा, फोटो नसला तरी चालेल. फक्त मशीन काय करतं ते लिहा.